सध्या काय वाचताय? (नुसती यादी टाकणाऱ्याने मिसळ द्यायची)

गोदाकाठ

गणपती गेले, पावसानेही जरा उघडीप दिलीय, म्हणून हा धागा काढतेय. सध्या काय वाचताय?

निमित्त असं की आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी बदलून आली. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते, कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली नाशकात सुरू केलेली ही योजना. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे राहते आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. तर पेटी उघडली आणि पहिल्या दहा मिनिटांत पुलं, वपु आणि एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी उचलली गेली. ज्यांनी उचलली त्यांच्या घरात ही पुस्तकं आधीच आहेत, मी स्वतः बघितलीत! बाकीची पेटी तशीच पडून. लोक वाचत नाहीत असं नाही, त्या उरलेल्या पुस्तकांबद्दल त्यांना कधी कुणी काही सांगितलेलंच नसतं.

म्हणून नियम. एका प्रतिसादात एक, फार तर दोन पुस्तकं. अख्खं कथानक सांगत बसू नका, मलपृष्ठावर ते असतं. पुस्तकात कुठे अडकलात, कुठलं पान घरच्यांना बळंच वाचून दाखवलंत आणि हे पुस्तक कुणाला चुकूनही देणार नाही, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेत धडा होता, त्या जोरावर 'वाचलंय' म्हणून ठोकून द्यायचं पुस्तक. सलग आता वाचलं. बाई आपल्या जलालपूरच्या हो! गंगापूर रोडने गावाबाहेर पडलं की लागतं तेच जलालपूर. सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण येतं. घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायची म्हणजे घ्यायची, आणि त्यापायी सगळं घर धारेवर. एवढं दु:ख देणारी गोष्ट बाई अशा सांगतात की मी हसत होते आणि हसताना लाजही वाटत होती. नवरा रेव्हरंड टिळक, मोठे कवी, पण घरात पैसा आला की तो आधी दुसऱ्याच्या घरी पोचवणारे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, ही मागे राहिली, पदरी लहान मुलगा. पुढे हीसुद्धा त्यांच्याकडे गेली. ती गेली कशी, मनातलं सोवळं एकेक पायरीने कसं सुटत गेलं, ती पानं मी नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावून वाचून दाखवली. कधी शाळेत न गेलेली बाई हे लिहिते! १९३४ पासून चार भागांत आलं ते, शेवटचा भाग त्यांच्या पश्चात.

कुणाला देणार नाही? ज्यांना सनावळीने लावलेलं चरित्र हवंय त्यांना. बाई आठवेल तसं सांगतात, मध्येच मागे जातात.

पासधारक

गोदाताई, हजर.

पंचवटी एक्सप्रेसचा पास असल्यामुळे माझं वाचन सगळं गाडीत. इगतपुरी सोडली की घाटात रेंज जाते आणि डब्यातली माणसं एकदम बावचळतात. तेवढ्यात माझी चार पानं होतात.

सध्या नंदा खरे यांची 'अंताजीची बखर'. दुसऱ्यांदा. पेशवाईवरची कादंबरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शालजोडी, हिरेजडित तुरा आणि 'आज्ञा स्वामी' येतं. इथे गोष्ट सांगणारा अंताजी खरे म्हणजे इतिहासात ज्याला कुणी तळटीपही दिली नसती असा माणूस. चलाख, कामापुरता शूर, आधी पोटाचं बघणारा. मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आपण शाळेत छाती फुगवून शिकलो. तिकडे बंगालीत मात्र लेकरांना झोपवताना 'बर्गी आले' असं सांगणारं अंगाईगीत अजून म्हणतात, आणि ते बर्गी म्हणजे आपण. हे माहीत झाल्यावर पुस्तक वेगळंच वाचलं जातं. अंताजी कुणाची बाजू घेत नाही, कारण त्याला परवडतच नाही.

अडकलो ते भाषेत. बखरीचा तिरका बाज आहे, सुरुवातीची काही पानं दगड लागतात. एकदा कान बसला की मग सुटत नाही. पुढचा भाग 'बखर अंतकाळाची', तोही घ्या.

कुणाला देणार नाही: साडूंना दिली होती. दोन दिवसांत परत आली, सोबत इतिहासाचा अभिमान या विषयावर व्याख्यान.

सातपूरकर

कोसला, बनगरवाडी, युगान्त, व्यासपर्व, काजळमाया, रणांगण, स्वामी, मृत्युंजय, ययाती, माणदेशी माणसं. सगळी वाचायलाच हवीत. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

गोदाकाठ

@सातपूरकर, मिसळ कुठे द्यायची ते तुम्हीच ठरवा. पाव जास्तीचे लागतील.

यादीला नावं ठेवत नाही. त्यातली निम्मी माझीही आवडती. पण मराठीच्या कुठल्याही प्राध्यापकाला झोपेतून उठवलं तर तो हीच दहा नावं सांगेल. तुम्हाला त्यातलं काय भावलं?

पासधारक

+१. आणि मिसळ काळ्या मसाल्याचीच.

द्राक्षबाग

निफाड तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे आता छाटणीची घाई. छाटणी करणारी टोळी पुढे, मागून पेस्ट लावणारे, आणि आपण आभाळाकडे बघत उभे. छाटणीनंतर पोंगा (कोवळा कोंब) फुटला आणि नेमका पाऊस आला की डावणीची (बुरशीच्या रोगाची) धास्ती, फवारणीचं गणित पुन्हा पहिल्यापासून. अशा दिवसांत कादंबरी होत नाही. धागा तुटतो.

म्हणून मी दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' वाचतो, तेही महिन्याला एक प्रकरण. पुस्तक १९५६ चं. चैत्रापासून सुरू होतं, पहिल्या प्रकरणाचं नाव 'वसंतहृदय चैत्र'. त्या त्या महिन्यात झाडं काय करतात, आभाळ कसं असतं, कोणता पक्षी कुठे दिसतो. एका बैठकीत वाचणाऱ्याला मी तर म्हणेन, पुस्तक वाया घालवलं. आषाढाचं प्रकरण आषाढात वाचा, मग बाहेर जाऊन बघा बाईंनी लिहिलंय ते दिसतं का. बऱ्याचदा दिसतं. कधी दिसत नाही, तेव्हा मला प्रश्न पडतो की माझं चुकलं की हवामान बदललं.

एक गोष्ट मात्र खरी. बाईंच्या पुस्तकात पाऊस हा फक्त सुंदर असतो. आमच्या पुस्तकात तो अवकाळीही असतो, गारपीटही असतो. मार्च महिन्यात माल काढणीला आलेला असताना ढग जमले की कुणाला सौंदर्य दिसतंय? हा दोष म्हणून सांगत नाही. त्यांनी बघायला बसून लिहिलं, आम्ही उभ्या उभ्या बघतो. पण वाचायला लागल्यापासून बांधावरचा पळस, शेजारचा करंज, विहिरीजवळचं उंबर यांच्याकडे लक्ष जायला लागलं. आधी ही झाडं म्हणजे सावली पडून वेलीचं नुकसान करणारी जागा, एवढंच.

कुणाला देणार नाही: घाईतल्या माणसाला. हे पुस्तक घाईत मिटून जातं.

अनुस्वार

@द्राक्षबाग, फार चांगला प्रतिसाद. एक जोडतो. हेच 'व्यासपर्व' लिहिणाऱ्या आणि आणीबाणीच्या काळात १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून थेट बोलणाऱ्या दुर्गाबाई. फुलांवर लिहिणारी व्यक्ती मऊच असेल असा आपला एक समज असतो, तो काढून टाका.

निवृत्त शिक्षक असल्याने शुद्धलेखनावर बोलायची खुमखुमी आहे, पण धागा बिघडेल म्हणून आवरतो. माझं सध्याचं वाचन: 'गाथासप्तशती', स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली, १९५६ ची आवृत्ती. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला सुमारे सातशे गाथांचा संग्रह, महाराष्ट्री प्राकृतातला. सकाळी फिरायला पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत जातो. वर तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचा पराक्रम सांगणारा. लेण्यात राजा, विजय, दान. गाथांमध्ये त्याच सातवाहन परंपरेतली शेतकऱ्याची बायको, वाटसरू, नदीवर पाणी भरणारी पोर, सासूची नजर चुकवणारी सून. गोदा नदी तर कितीदा येते. राजाचा लेख दगडात आणि सुनेचं गुपित दोन ओळींत, दोन्ही टिकलं, याची मला मोठी मौज वाटते.

जोगळेकरांची प्रस्तावना दांडगी आहे. थेट गाथांवर उडी मारा, प्रस्तावना मग.

कुणाला देणार नाही: सकाळी सगळं घर जमलेलं असताना मोठ्याने वाचायची सवय असलेल्यांना. शृंगार भरपूर आहे. नातीने 'आजोबा, याचा अर्थ काय?' विचारल्यावर मी पोह्यांना फोडणी कुणी दिली याची चौकशी सुरू केली.

सिडकोची_माय

अनुस्वार काका, हसून हसून पुरेवाट!

माझी शिफारस पोरांसाठी. लेक पाचवीत, इंग्रजी माध्यम. मराठी पुस्तक समोर धरलं की 'आई, यात फॉन्ट किती छोटा आहे' पासून सुरुवात. बोधकथा तर तिला दोन ओळीत ओळखू येतात, म्हणते शेवटी तो मुलगा सॉरी म्हणणार.

मग जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा काढल्या. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आपल्या नाशिकच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. तेव्हा सगळ्या ग्रुपांवर श्रद्धांजली फिरली, पुस्तक मात्र कुणी उघडलेलं दिसलं नाही. म्हणून मुद्दाम. 'उजव्या सोंडेचा गणपती' ही गोष्ट रात्री वाचून दाखवली. उजवं-डावं, आरशातली प्रतिमा असा सगळा खेळ आहे, जास्त सांगत नाही. वाचून झाल्यावर कार्टी देवघरातला गणपतीचा फोटो घेऊन बाथरूमच्या आरशापुढे उभी! सोंड कुठे वळते ते बघायला. सासूबाईंनी आधी ओरडायला तोंड उघडलं आणि मग त्याही जाऊन बघून आल्या.

थोड्या मोठ्या मुलांना 'चार नगरांतले माझे विश्व' द्या. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. आत्मचरित्र आहे, साहित्य अकादमी मिळालेलं. मला त्यातलं केंब्रिज जास्त आवडलं, नवऱ्याला बनारस.

कुणाला देणार नाही: ज्यांना विज्ञानकथा म्हणजे यंत्रमानवांची मारामारी हवीय.

कॉलेजरोड

नमस्कार. वय एकवीस, इंजिनिअरिंग. मी इंग्रजीच वाचतो, फँटसी वगैरे. मराठीत काय वाचू विचारलं की सगळे नेमाड्यांची 'कोसला' सांगतात. वाचली. अर्धी भारी वाटली. होस्टेल, मेस, बापाच्या पैशावर उडवणं, हे सगळं आजही तसंच आहे. पण मनू, हिरोची धाकटी बहीण, जाते तिथे मी पुस्तक ठेवलं आणि परत उचलायला वेळ लागला. मला वाटलं विनोदी आहे. कुणी आधी सांगितलंच नाही.

आता पुढे काय वाचू? प्लीज नेमाड्यांचीच 'हिंदू' सांगू नका, वजन बघितलंय.

पासधारक

@कॉलेजरोड, मनूपाशी ज्याने पुस्तक खाली ठेवलं, त्याला 'कोसला' कळली. तुला कुणी सांगितलं नाही तेच बरं झालं.

नंदा खऱ्यांचीच 'उद्या' वाच. फार लांबचं भविष्य नाही, येऊन ठेपलेलंच. सगळ्यांवर पाळत, मोठ्या कंपन्यांच्या हातात सगळं, समाजात बायका कमी उरलेल्या. तुझ्या फँटसीवाल्यांना जमेल. या पुस्तकाला २०२० ची साहित्य अकादमी जाहीर झाली आणि त्यांनी ती नम्रपणे नाकारली. समाजाने आपल्याला भरपूर दिलंय, असं म्हणाले.

विहितगाव

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. कॉलेजरोडवाल्या मित्रा, हा प्रतिसाद तुझ्यासाठी आहे, पण सगळ्यांनी वाचला तरी चालेल.

'कोसला' आली १९६३ साली. त्याच १९६३ साली आणखी एक पुस्तक आलं: बाबूराव बागुलांचा कथासंग्रह, 'जेव्हा मी जात चोरली होती'. बागूल जन्मले आपल्या विहितगावात, १९३० मध्ये. नाशिकरोडहून देवळालीकडे जाताना बसमधून जे गाव दिसतं ते. २००८ मध्ये नाशकातच गेले. एक पुस्तक सगळ्या कट्ट्यांवर पोचलं, आणि दुसऱ्याचं नाव मी कॉलेज रोडच्या कट्ट्यावर घेतलं तर विचारतात, 'कोणता बागूल?' दोन्ही पुस्तकं मला आवडतात, वर्ष एकच म्हणून सांगतोय. गोदाताईंनी पेटीबद्दल लिहिलंय ना, तसंच आहे हे. कुणी कुणाला सांगितलंच नाही.

शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो. परगाव आहे, खोली मिळायला हवी, म्हणून जात सांगत नाही. बस, एवढंच त्याचं 'चोरणं'. त्यानंतरचं प्रत्येक पान वाचताना आपली पाठ ताठ होते. कुणी प्रेमाने जेवायला वाढलं तरी भीती. कुणी नुसतं 'गाव कोणतं' विचारलं तरी भीती. मी हे पहिल्यांदा नोकरीनिमित्त बाहेरच्या शहरात राहत असताना वाचलं, आणि घरमालक 'आडनाव काय म्हणालात?' असं दुसऱ्यांदा विचारायचे तेव्हा काय व्हायचं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बागुलांची भाषा सुबक नाही. वाक्यं अंगावर येतात, कधी कधी एका वाक्यात तीन वाक्यांचा राग असतो. पहिल्यांदा वाचताना वाटतं की हा माणूस जरा आवाज खाली करेल तर बरं. मग लक्षात येतं की आवाज खाली करा असं सांगणारेच सगळे गोष्टीत आहेत. याच्यानंतर १९६९ मध्ये 'मरण स्वस्त होत आहे' आलं, मुंबईच्या झोपडपट्टीतल्या कथा. तो माझ्या मते आणखी पक्का संग्रह. त्यात राग आहेच, पण माणसं जास्त आहेत: हमाल, बाजारात बसणाऱ्या बाया, गुंड, आया.

कुणाला देणार नाही, याचं उत्तर मला येत नाही. मी सगळ्यांना देतो. जे परत करताना काहीच बोलत नाहीत त्यांना दुसरं पुस्तक देत नाही, एवढंच.

अनुस्वार

@विहितगाव, तुमच्या प्रतिसादाने गप्प केलं. मी तीस-पस्तीस वर्षं या शहरात मराठी शिकवलं. कुसुमाग्रज शिकवले, कानेटकर शिकवले, दोघंही आपल्या गावचे म्हणून मुलांना मिरवून सांगितलं. अभ्यासक्रमात बागुलांची कथा नव्हती, पण वर्गात वाचायला कुणी बंदीही केली नव्हती.

सिडकोची_माय

काका, बागुलांचं पुस्तक सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) मिळेल का? मी सभासद आहे, पण कादंबरीच्या पुढच्या कपाटांकडे फिरकलेच नाही कधी.

अनुस्वार

मिळायला हरकत नाही. १८४० पासूनचं वाचनालय आहे, तिथे नसलं तर कुठे असणार? काउंटरवर लेखकाचं नाव सांगा. आणि मिळालं तर वेळेवर परत करा, रांगेत मी आहे.

सातपूरकर

मिसळीचा खर्च वाचवायला आलोय :)

गोदाताई, तुमचं बरोबर. यादी टाकताना त्यातली तीन पुस्तकं मी कॉलेजनंतर उघडलेली नाहीत. आता खरंखुरं सांगतो. नाइट शिफ्टला पहाटेच्या चहानंतर झोप येऊ नये म्हणून पुस्तक लागतं. सध्या कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. २०२३ ची साहित्य अकादमी. धरणात गाव गेलेला देवाप्पा, मागे राहिलेल्या म्हशीला आणायला परत त्या रानात जातो. म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही. एवढीच गोष्ट. बोली कोल्हापूरकडची, आपल्याला काही शब्द अडतात. कुणाला विचारत बसलो नाही, पुढे गेलो, दहा पानांनी कळले.

आमचं गाव धरणात गेलं नाही, मामाचं गेलं. आपण गंगापूर धरणावर सुट्टीला जातो, भजी खातो, पाण्याकडे बघून फोटो काढतो. 'रिंगाण' वाचल्यापासून पाण्याखाली कुणाचा तरी गोठा असेल असं मनात येतं. मामा अजूनही गावाचा विषय निघाला की झाडांची नावं सांगतो, माणसांची नाही.

कुणाला देणार नाही: ज्यांना दर पानाला काहीतरी 'घडायला' हवं असतं. इथे माणूस आणि जनावर एकमेकांकडे बघत उभे आहेत, यात पानंच्या पानं जातात. आणि मला तीच आवडली.

गोदाकाठ

सातपूरकर, मिसळ माफ.

पासधारक

माफ कशी? नियम म्हणजे नियम.

पंचवटीतली_काकू

मी जरा उशिरा आले. इथे सगळे एवढं गंभीर लिहिताहेत, मी साधंच सांगते. दि. बा. मोकाशींची 'पालखी'. १९६४ ची. दरवर्षी ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि नाशकातून पुढे जाते, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया चहा-बिस्किटं घेऊन उभ्या असतो. पाच मिनिटं पाया पडायचं, पाणी द्यायचं, झालं. पुढे ही माणसं चालतात म्हणजे काय करतात, हे मला या पुस्तकाने सांगितलं. मोकाशी पुण्याहून वारीबरोबर चालत गेले. भक्त म्हणून नाही आणि टिंगल करायलाही नाही. पाय कसे दुखतात, राहुटीत कोण कुणाशी भांडतं, रात्री बायका काय बोलतात, पाऊस आला की अंथरुणाचं काय होतं. देवाबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त.

देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं पुस्तक समजून कुणी घेऊ नये, त्यांना पहिल्याच प्रकरणात चुकल्यासारखं होईल.

द्राक्षबाग

काकू, आमची आजी वारीला जायची. परत आली की विठ्ठलापेक्षा कुणाच्या टाचेला किती फोड आले तेच सांगायची. पुस्तक घेतो.

कॉलेजरोड

@विहितगाव, वाचली. मित्राच्या वडिलांकडे जुनी प्रत होती, मुखपृष्ठ फाटलेली. शीर्षककथा काल रात्री.

मला पहिल्यांदा वाटलं की तो सांगून का टाकत नाही? इतक्या वेळा चान्स येतो. रूममेटला गोष्ट सांगितली. तो दोन वर्षं माझ्याबरोबर राहतोय. तो म्हणाला, 'तू कधी मला माझं आडनाव विचारलंयस का?' मी म्हणालो नाही. तो म्हणाला, 'म्हणून मी इथे राहतो. आधीच्या खोलीत विचारलं होतं.' एवढंच बोलून तो झोपला. मला त्याबद्दल आणखी काही लिहिता येत नाहीये.

'मरण स्वस्त होत आहे' कुणाकडे आहे का? ऑनलाइन शोधलं, एका ठिकाणी पैसे घेतले आणि चार दिवसांनी 'स्टॉकमध्ये नाही' म्हणून ऑर्डर रद्द केली.

विहितगाव

माझ्याकडे आहे. बुधवारी संध्याकाळी नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर, रिक्षा स्टँडपाशी ये, सहानंतर. परत करायची घाई नाही. फक्त पेनने खुणा करायच्या नाहीत. पेन्सिल चालेल.

पासधारक

सहानंतर म्हणजे किती? माझी गाडी साडेनऊला लागते, नाहीतर मीही आलो असतो. त्याचं झालं की मला.